वाचकांचे प्रश्न : नव्याचा सण, दारफाळणी आणि मांडवातल्या सात रात्री

गेल्या अंकात भुसावळच्या रेल्वे वसाहतीत गेलेल्या माझ्या बालपणाविषयी लिहिताना आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरातील भाद्रपद-आश्विनातल्या सणांचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. खानदेशात आमची घरे बोटांवर मोजण्याइतकी, तरीही इतक्या वाचकांना कोणी ना कोणी यहुदी शेजारी, सहकारी किंवा वर्गमित्र आठवतो, याचे मला मनापासून समाधान वाटले. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त गणित शिक्षक असून मला पंचांग पाहण्याची आवड आहे. गेल्या वर्षी आमच्या बेने इस्राएल मित्राचे नवे वर्ष घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाले. यंदा मात्र ते गणेश चतुर्थीच्याही आधी येते, असे तो म्हणतो. हिजरी वर्षाप्रमाणे हे वर्षही मागे मागे सरकत जाते काय? (अमळनेर)

नाही. आपल्या पंचांगाप्रमाणेच आमचेही महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे भरते, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडते. ही तूट भरून काढली नाही, तर वल्हांडणाचा, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेचा, सण वसंत ऋतूतून निसटून जाईल; आणि तो वसंतातच यावा अशी तोराची, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा एक महिना अधिक धरला जातो. मराठी पंचांगात ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही, तो महिना अधिक ठरतो आणि त्यामुळे अधिक महिना कधी श्रावणात, कधी ज्येष्ठात येतो. आमच्याकडे मात्र तो ठरलेल्या वर्षी आणि नेहमी अदार महिन्यालाच, म्हणजे फाल्गुनाच्या सुमारास, जोडला जातो.

आपल्या प्रश्नाचे उत्तर या फरकातच आहे. यंदा, २०२६ साली, आपल्याकडे ज्येष्ठ अधिक आला आणि त्यामुळे पुढचे सगळे हिंदू सण जवळजवळ महिनाभर पुढे गेले. आमचा अधिक अदार मात्र येत्या वसंतात, २०२७ मध्ये, यायचा आहे. मधल्या काळात दोन्ही पंचांगांत एका महिन्याचे अंतर पडले, म्हणून आमचे ५७८७ वे वर्ष ११ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होते आणि गणपती १४ तारखेला बसतात. पुढच्या वर्षी हे अंतर मिटेल आणि आमचे नवे वर्ष पुन्हा घटस्थापनेच्या शेजारी येईल. आपल्यासारख्या गणिताच्या माणसाला आणखी एक नियम सांगितला पाहिजे. नव्या वर्षाचा पहिला दिवस रविवार, बुधवार किंवा शुक्रवार असू शकत नाही. त्यामुळे अमावास्येशी कधी कधी एकदोन दिवसांचा फरक राहतो.

आमचे नवे वर्ष ज्या महिन्यात सुरू होते, तो तिश्री तोराच्या मोजणीत सातवा महिना आहे, पहिला नव्हे. सातव्या महिन्यात नवे वर्ष कसे, असे कोणी विचारले, तर मी पाडव्याचे उदाहरण देतो. चैत्रातला पाडवा आणि दिवाळीतला पाडवा या दोघांनाही आपण वर्षारंभ मानतो, व्यापारी तर दुसऱ्यालाच अधिक मानतात, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. तिथींचे नातेही लक्षात घेण्यासारखे आहे. तिश्रीच्या दहाव्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपवास असतो आणि पौर्णिमेला मांडवांचा सण बसतो. गेल्या वर्षी हा उपवास नेमका दसऱ्याच्या दिवशी, २ ऑक्टोबरला आला होता. यंदा मांडवातली पहिली रात्र २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी येते. गावात ढोलताशांच्या गजरात विसर्जन चालू असेल, त्याच चांदण्यात आमची पाने वाढली जातील.

प्रश्न : माझे वडील रेल्वेत होते. त्यांच्याबरोबर काम करणारे एक बेने इस्राएल गृहस्थ ‘दारफाळणी’ आणि ‘शिळा सण’ असे शब्द वापरत. हे शब्द यहुदी आहेत की मराठी? (भुसावळ)

शब्द पूर्णपणे मराठी आहेत आणि ते सण पूर्णपणे यहुदी आहेत. हे कसे घडले ते थोडे सविस्तर सांगतो.

आमच्या परंपरेनुसार आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. सात पुरुष आणि सात स्त्रिया, एवढेच काय ते उरले आणि त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या हे लोक कोकणातील खेड्यांत तेलाचे घाणे चालवीत राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावावरून आडनावे पडली : पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर. ग्रंथ नसताना जे टिकले ते घरात, स्वयंपाकघरात आणि आठवणीत टिकले : शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता, निषिद्ध अन्नाचे नियम, ‘शेमा’ची प्रार्थना आणि काही सण. हिब्रू नावे विसरली गेली होती. म्हणून घरात जे डोळ्यांना दिसत होते, त्यावरून सणांना नावे मिळाली.

वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. त्यानंतर काही दिवसांनी नव्या धान्याची खीर करून धूप दाखवीत, तो ‘खिरीचा सण’. दहाव्या दिवशी माणसे पांढरी वस्त्रे नेसून, दार लावून, दिवसभर उपाशी राहून प्रार्थनेत घालवीत. ती ‘दारफाळणी’, म्हणजे दारे बंद करण्याचा सण. आणि दुसऱ्या दिवशी दारे उघडून गोरगरिबांना दान द्यायचे, आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या, तो ‘शिळा सण’. दारफाळणी हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. प्रायश्चित्ताच्या दिवसाची शेवटची प्रार्थना हिब्रूत ‘नेईला’ म्हणून ओळखली जाते आणि त्या शब्दाचा अर्थही ‘दार मिटणे’ असाच आहे. ग्रंथ बुडाले, तरी कोकणातल्या तेल्यांनी त्या दिवसाला जे नाव ठेवले, ते मूळ अर्थाच्या इतके जवळ यावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

पुढे कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी हिब्रू प्रार्थना शिकविल्या. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले, ज्याला आमची माणसे ‘जुनी मशीद’ म्हणत. प्रार्थनागृहाला मशीद म्हणण्याची ही आमची जुनी रीत आहे. त्यानंतर रोश हशाना (नवे वर्ष), योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस), सुकोथ (मांडवांचा सण) ही नावे रूढ झाली आणि मराठी नावे हळूहळू मागे पडली. हिब्रू शिकलो हे चांगलेच झाले. परंतु मराठी नावे टाकून देण्याची काही गरज नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंग्रजी अमदानीत सैन्य, रेल्वे, टपाल आणि दवाखाने येथील नोकऱ्यांच्या निमित्ताने आमची कुटुंबे कोकणातून दूरवर पसरली; आपल्या वडिलांचे सहकारी त्यांतलेच. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. आज भारतात सर्व मिळून चारपाच हजार यहुदी उरले असतील. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये आम्हाला अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली.

प्रश्न : माझी केळीची बाग आहे. एका यहुदी मित्राने मांडवासाठी केळीची पाने आणि खांब मागितले आहेत. मी आनंदाने देईन; परंतु त्यांच्या नियमात काही चुकू नये, म्हणून विचारतो. मांडव बागेतच घातला तर चालेल काय? (रावेर)

आपण देण्याआधी विचारले, याबद्दल आपल्या मित्राच्या वतीनेही आभार मानतो. मांडवाला हिब्रूत ‘सुक्का’ म्हणतात. मिसरमधून सुटल्यावर इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात झोपड्यांतून राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस पक्के छप्पर सोडून या मांडवात जेवायचे आणि जमल्यास निजायचे असते. मांडवाच्या भिंती कशाच्याही चालतात : तट्ट्या, फळ्या, घट्ट ताणलेले कापड, आणि अर्थातच केळीचे खांब. सगळा कस लागतो तो छपराचा.

छपराचे साहित्य जमिनीतून उगवलेले, पण जमिनीपासून तोडलेले असावे लागते. ते खाण्याचा पदार्थ असू नये, आणि त्याची सावली उन्हापेक्षा जास्त पडली पाहिजे. तरीही रात्री त्यातून चांदण्या दिसाव्यात इतके ते विरळ असावे, हे उत्तम. मांडव उघड्या आकाशाखाली हवा. झाडाखाली घातलेला चालत नाही. त्यामुळे बागेच्या आत, उभ्या केळीच्या पानांखाली, तो घालता येणार नाही. बांधावर किंवा खळ्यात मोकळी जागा असेल, तर तेथे अवश्य घालावा.

आता केळीच्या पानांविषयी. नियमाने ती निषिद्ध नाहीत, पण ती टिकत नाहीत. आणि सात दिवसांच्या आत सुकून ज्याची सावली नाहीशी होते, ते छप्पर ग्राह्य धरले जात नाही. मी लहान असताना आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात वडिलांनी एकदा नुसत्या केळीच्या पानांचे छप्पर केले होते. पहिल्या रात्री ते इतके देखणे दिसत होते की, शेजारच्या चार घरांतली माणसे पाहायला आली. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पानांच्या चिंध्या झाल्या, तिसऱ्या दिवशी कडा पिवळ्या पडून वळल्या आणि चौथ्या दिवशी दुपारी आमच्या ताटांवर सरळ ऊन पडू लागले. वडील सायकल घेऊन ओढ्याकडे गेले आणि शिंदीच्या झावळ्यांचा भारा घेऊन आले. त्यानंतर आमच्या घरी छप्पर नेहमी शिंदीचे आणि बांबूचे, आणि केळीची पाने जेवायला, असा नियमच होऊन गेला. आपणही तसेच सुचवावे, असे मला वाटते.

शिंदी मिळत नसेल, तर पऱ्हाट्या चालतील आणि गेल्या सालचा कडबाही चालेल. कडब्याबद्दल मिश्नामध्ये, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या धर्मशास्त्राच्या संग्रहात, एक नियम आहे, तो शेतकऱ्याला चटकन समजेल. पेंढी बांधलेली तशीच छपरावर ठेवू नये, कारण ती साठवण ठरते, छप्पर ठरत नाही. पण तीच पेंढी सोडून पसरली, तर चालते. कणसे राहिली असतील, तर ती खुडून घ्यावीत.

मांडवात फळे टांगून सजावट करण्याची पद्धत आहे. आपण केळीचा एक घड दिलात, तर मित्राच्या मुलांना फार आनंद होईल. मात्र एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : सजावटीसाठी टांगलेले फळ सण संपेपर्यंत खाता येत नाही. आम्ही भावंडे आठ दिवस मान वर करून तो घड हिरव्याचा पिवळा होताना पाहत असू. म्हणून खाण्यासाठी वेगळी फणी अवश्य द्यावी.

पावसाची चिंताही आपण पत्रात केली आहे आणि सप्टेंबरच्या अखेरीस परतीचा पाऊस आपल्याकडे हमखास गाठतो. मांडवात पाऊस आला, तर घरात जाण्याची परवानगी आहे. केव्हा जावे, याचेही माप मिश्नाने सांगून ठेवले आहे : पानातले कालवण पावसाने बिघडू लागेल तेव्हा. भिजत बसण्यात काही पुण्य नाही. आणि या सणाचा पावसाशी दुसराही एक संबंध आहे. सात दिवस संपल्यावर येणाऱ्या आठव्या दिवशी जगभरचे यहुदी पावसासाठी प्रार्थना करतात, कारण इस्राएलच्या भूमीत पावसाळा तेव्हाच सुरू व्हायचा असतो. खानदेशात त्या वेळी कापसाची बोंडे फुटू लागलेली असतात आणि शेतकऱ्याला पाऊस नको असतो. लहानपणी मी वडिलांना याबद्दल विचारले होते. ते म्हणाले, “ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी आपण मागतो, इथला शेजारी काय मागतो, तेही देवाला ऐकू येतेच.”

मित्र आपल्याकडे आणखी दोन गोष्टी मागण्याचा संभव आहे. सणात चार वनस्पती हातात धरून प्रार्थना करतात : खजुरीचा न उमललेला कोंब, मेंदीसारख्या पानांच्या हदास या सुवासिक झुडपाच्या डहाळ्या, नदीकाठच्या वाळुंजाच्या जातीच्या डहाळ्या आणि महाळुंगाचे फळ. ही बहुधा मुंबईहूनच मागविली जातात. महाळुंग कलम केलेल्या झाडाचे चालत नाही. तेव्हा ओळखीच्या कोणाच्या शेतात बियांपासून वाढलेले जुने झाड असेल, तर मित्राला तेवढे कळवावे. फळ योग्य आहे की नाही ते तो जाणकाराला दाखवून ठरवील.

प्रश्न : नव्या वर्षाला बेने इस्राएल घरांत ‘चिकाचा हलवा’ करतात, असे आपण लिहिले होते. हा चीक म्हणजे आमच्या कुरडयांचाच काय? कृती द्यावी. (जळगाव)

होय, तोच. खानदेशातल्या गृहिणीला या हलव्याचे अर्धे काम आधीच येत असते. गहू तीन दिवस भिजवावेत आणि पाणी रोज बदलावे. चौथ्या दिवशी ते वाटून, पिळून, फडक्यातून गाळून घ्यावेत व चीक रात्रभर निवळू द्यावा. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून टाकले की, खाली दाट, पांढरा चीक राहतो. येथपर्यंत सर्व कुरडयांसारखेच आहे.

यापुढे पाण्याऐवजी नारळाचे दूध येते. एक वाटी दाट चिकाला साडेतीन ते चार वाट्या नारळाचे दूध, दीड वाटी साखर आणि चिमूटभर मीठ घ्यावे. सर्व गार असतानाच एकजीव करावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवून सारखे ढवळत राहावे. पहिला अर्धा तास काहीच होत नाही, असे वाटते. नंतर मिश्रण एकदम आळू लागते, उलथने जड होते आणि तासादीड तासाने नारळाचे तेल कडेने सुटून गोळा पातेल्यापासून वेगळा होतो. अनेक घरांत थोडा गुलाबी रंग घालतात. वेलदोडा व जायफळ घालून, तेलाचा हात लावलेल्या थाळीत ओतावे, वर बदाम-पिस्त्यांचे काप दाबावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच वड्या पाडाव्यात.

दुधाऐवजी नारळच का, याचे कारण चवीपेक्षा धर्मात आहे. मांस आणि दूध एका जेवणात खाण्यास आमच्याकडे बंदी आहे आणि सणाच्या जेवणात बहुधा मटण असते. त्यामुळे शेवटचे गोड पक्वान्न दुधाचे करता येत नाही. कोकणात नारळ अंगणातच होता, म्हणून अडचण आली नाही. खानदेशात आई तो बाजारातून आणायची आणि हलवून, कानाशी धरून, पाण्याचा आवाज ऐकून मगच घ्यायची. हा हलवा एकटीने करू नये. ढवळण्यासाठी किमान तिघी लागतात, आणि आमच्याकडे तिसरी नेहमी शेजारच्या काकू असत. त्या दिवशी त्या आपला चहा आमच्याच ओट्यावर घेत.

प्रश्न : नव्या वर्षी यहुदी शेजाऱ्यांना भेटायला जावे काय? काय म्हणावे, काय न्यावे? (नंदुरबार)

अवश्य जावे. ‘शाना तोवा’ म्हणजे ‘वर्ष चांगले जावो’. परंतु ‘नव्या वर्षाच्या शुभेच्छा’ हे शब्दही तितक्याच आनंदाने स्वीकारले जातात. फळे न्यावीत, विशेषतः डाळिंब किंवा सफरचंद, कारण ती त्या रात्रीच्या ताटात असतातच, मधही चालेल. घरी शिजवलेला पदार्थ नेण्याआधी मात्र विचारून घ्यावे. काही घरे अन्नाचे नियम काटेकोर पाळतात आणि त्यांनी आपला डबा उघडला नाही, तर त्यात दुजाभाव मानू नये. कानबाईचे रोट भाऊबंदांच्या बाहेर दिले जात नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यामुळे खानदेशात कोणाचा शेजार तुटलेला नाही. दारफाळणीच्या दिवशी मात्र भेटीला जाऊ नये. त्यासाठी शिळ्या सणाचा दिवस राखून ठेवावा. तो भेटींसाठीच असतो.

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल आहोत. आता धुळ्यात फक्त आईवडील आणि मी आहोत. वडील दरवर्षी दारफाळणीला ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये जात. यंदा त्यांना मधुमेह वाढल्यामुळे प्रवास झेपेल की नाही, याची शंका आहे. दहा पुरुष नसताना घरी प्रार्थना केली, तर तिला अर्थ असतो काय? वडील उपवासाचाही हट्ट धरून बसले आहेत. (धुळे)

आपले पत्र मी दोनदा वाचले. सुरुवात उपवासापासून करतो, कारण त्यात चूक होऊन चालणार नाही. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत, सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य असते. परंतु जीव धोक्यात येत असेल, तर उपवास मोडणे ही सवलत नसून कर्तव्य आहे. जाणकारांच्या सांगण्यावरून आजाऱ्याला खाऊ घालावे, असे मिश्ना म्हणते. आणि आजाऱ्याने स्वतःच ‘मला खाण्याची गरज आहे’ असे म्हटले, तर शंभर वैद्यांनी नाही म्हटले तरी त्याचेच ऐकावे, असा तालमुदचा, म्हणजे मिश्नावरील चर्चाग्रंथाचा, निर्णय आहे. आपण वडिलांना आधी डॉक्टरांकडे न्यावे, औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात आणि नंतर ठाण्याच्या हझानसाहेबांकडून, म्हणजे प्रार्थना चालविणाऱ्यांकडून, त्यांना फोनवर हे सांगवावे. मुलीचे ऐकणार नाहीत, हझानांचे ऐकतील. आमच्या वडीलधाऱ्यांचा हा स्वभाव मी ओळखतो.

आता प्रार्थनेविषयी. दहा प्रौढ पुरुषांच्या समुदायाला ‘मिन्यान’ म्हणतात आणि परंपरेनुसार तो एका जागी जमावा लागतो. तो नसेल, तर काद्दिश, म्हणजे मृतांच्या नावानेही म्हणायची स्तुतिप्रार्थना, म्हणता येत नाही आणि सेफर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, काढून जाहीर वाचन करता येत नाही. हे उणे आहे, आणि ते उणे नाही असे मी आपल्याला सांगणार नाही. माझ्या वडिलांनी एका वर्षी, रजा न मिळाल्यामुळे, दारफाळणी भुसावळच्या क्वार्टरमध्ये काढली. आजोबांच्या नावाचा काद्दिश त्यांना म्हणता आला नाही, ही खंत त्यांनी पुढे बरीच वर्षे बोलून दाखविली.

पण बाकी सर्व काही म्हणता येते. शेमा म्हणता येतो, उभ्याने करायची प्रार्थना म्हणता येते. लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय आणि दुपारी योनाचे पुस्तक मराठीत मोठ्याने वाचता येते. ते आईने वाचावे, वडिलांनी ऐकावे. आणि अपराधांची कबुली देता येते. या कबुलीकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेल्या त्या कबुलीत एकही वाक्य ‘मी’चे नाही. ‘आम्ही अपराध केला, आम्ही विश्वासघात केला, आम्ही लुबाडले’ असेच ती शेवटपर्यंत चालते. बंद खोलीत एकटा माणूस उभा असला, तरी त्याने अनेकवचनच वापरायचे असते. धुळ्यातल्या तीन माणसांनी ते शब्द उच्चारले की, त्या ‘आम्ही’त ठाणे, अलिबाग, पुणे आणि इस्राएलमधले अश्दोद इथल्या सगळ्यांची गणना होते. त्या प्रार्थनेला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट सणाच्या आधीची आहे. माणसामाणसांतले अपराध त्या दिवसाने धुतले जात नाहीत. ज्याला दुखावले त्याची समजूत आधी घालावी लागते. सिनेगॉगमध्ये आमची हातबोशीची रीत आहे : एकाने दुसऱ्याचे हात हाती घ्यायचे, मग आपली बोटे ओठांना लावायची, आणि तो स्पर्श सर्वांत वडीलधाऱ्यापासून मुलांपर्यंत ओळीने पोचायचा. घरात तिघांनी ती करावीच. शेजारी कोणाशी वर्षभरात अबोला झाला असेल, तर त्यांच्याकडे आदल्या दिवशी जाऊन यावे. शेजारी यहुदी आहेत की नाहीत, हा प्रश्न येथे येत नाही.

आणि तरीही, डॉक्टरांची हरकत नसेल, तर वडिलांना ठाण्याला न्यावे, असेच मी म्हणेन. तेथले ‘शाआर हशामाईम’ सिनेगॉग १८७९ चे आहे आणि मोठ्या सणांना तेथे इतकी माणसे जमतात की, त्या गर्दीत एका वयस्क माणसाला बसायला खुर्ची, औषधाला पाणी आणि आडवे व्हायला कोणाचे तरी घर नक्की मिळते. आमच्या समाजात सणाला बाहेरगावाहून आलेल्या माणसाला ‘कोणाचे?’ असे विचारतात. आडनाव आणि आजोबांचे नाव सांगितले की, पाहुणा कोणाकडे उतरणार ते तिथल्या तिथे ठरते. यंदा दारफाळणी रविवारी, २० सप्टेंबरला सूर्यास्ताने सुरू होऊन सोमवारी रात्री संपते. सूर्यास्तानंतर वाहनात बसता येत नाही, म्हणून शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर निघून रविवारी सकाळपर्यंत पोचावे आणि दुपारी वडिलांना झोपू द्यावे. सिनेगॉगच्या कार्यालयाला आठवडाभर आधी कळवावे. दाराशी सुरक्षेची तपासणी असते, त्यामुळे तिघांची ओळखपत्रे सोबत असू द्यावीत. त्या दिवशी चामड्याचे पायताण चालत नाही. मधुमेही माणसाला अनवाणी चालू देऊ नये, म्हणून वडिलांसाठी जाड तळाच्या कापडी चपला आताच घेऊन ठेवा आणि त्या घरात चारसहा दिवस वापरून मऊ होऊ द्या.